हो की नाही, एवढंच सांगा

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक क्लिप आली होती. चाळीसेक सेकंदांची. एटापल्लीच्या रस्त्याची कड, मागे लोहखनिजाच्या ट्रकांची रांग आणि समोर खांद्यावर पंचा टाकलेला एक म्हातारा माणूस. माइक धरणारा दिसत नाही, फक्त त्याचा हात दिसतो आणि आवाज ऐकू येतो. "बाबा, तुमचा विकासाला विरोध आहे का? हो की नाही, एवढंच सांगा." म्हातारा माडियात काहीतरी बोलतो. चांगलं सात-आठ सेकंद बोलतो. शेजारी उभा असलेला पोरगा त्याचं मराठी करतो, "नाही म्हणतो." क्लिप संपते. खाली लाल पट्टी असते, सूरजागडच्या आदिवासींना विकास हवाय.

ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, अर्ध्यांनी 'स्क्रिप्टेड' म्हणून नाक मुरडलं. मी चंद्रपूरचा, म्हणून मला विचारणा झाली. मला माडिया येत नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा पाहताना 'नाही म्हणतो' यावर मीही विश्वास ठेवला होता. मग ती क्लिप भामरागडकडे शाळेत शिकवणाऱ्या एका मित्राला पाठवली. त्याने तीनदा ऐकली आणि फोन केला. "अर्धं ट्रकच्या आवाजात बुडालंय रे. पण तो हो पण म्हणत नाहीये आणि नाही पण म्हणत नाहीये. तू कोणत्या गावचा, असं काहीतरी विचारतोय. आणि गावात ये, बसून बोलू, असं."

म्हणजे त्या माणसाने एक प्रश्न विचारला होता आणि एक निमंत्रण दिलं होतं. आपल्यापर्यंत पोचलं ते एक उत्तर.

टीव्हीवरच्या आक्रमक मुलाखतींबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते बहुतेक आवाजाच्या पट्टीवरून. अमका अँकर ओरडतो, तमका बोलू देत नाही. मला ही तक्रार थोडी चुकीच्या दाराशी उभी असलेली वाटते. एटापल्लीच्या क्लिपमधला आवाज अगदी सौम्य होता, वर 'बाबा'सुद्धा म्हटलेलं होतं. आणि तरीही गेल्या काही वर्षांत मी पाहिलेली ती सगळ्यात अन्यायकारक मुलाखत आहे. उलट काही मुलाखती ऐकताना अंगावर येतात, पण न्याय्य असतात. मग फरक नेमका कशात असतो?

आधी 'हो की नाही'चाच विचार करू. या प्रकारातली सगळ्यात गाजलेली मुलाखत ब्रिटनमधली आहे. मे १९९७मध्ये बीबीसीच्या 'न्यूजनाइट'वर जेरेमी पॅक्समनने मायकल हॉवर्ड यांना एकच प्रश्न डझनभर वेळा विचारला. हॉवर्ड काही दिवसांपूर्वीपर्यंत गृहमंत्री होते आणि आता पक्षाच्या नेतेपदासाठी उभे होते. तुरुंग खात्याच्या प्रमुखाचा निर्णय डावलण्याची धमकी तुम्ही दिली होती का, एवढाच प्रश्न होता. हॉवर्ड दर वेळी वळसा घालून जात होते आणि पॅक्समन दर वेळी त्यांना त्याच जागी परत आणत होता. पुढे पॅक्समननेच सांगितलं की कार्यक्रमातला पुढचा भाग तयार नव्हता, म्हणून तो वेळ काढत होता. ते खरं मानलं तरी प्रश्न खोटा ठरत नाही. कारण प्रश्न हॉवर्ड यांच्या स्वतःच्या कृतीबद्दल होता. उत्तर त्यांना पक्कं माहीत होतं. ते हो किंवा नाही एवढ्यात देता येण्यासारखं होतं. आणि उत्तर दिल्याने फार तर पद हुकलं असतं, रात्री दार ठोठावून कुणी त्यांना उचलून नेलं नसतं.

आता हीच कसोटी एटापल्लीच्या म्हाताऱ्याला लावून पाहा. 'विकास' ही त्याची कृती नाही. त्या शब्दाचा अर्थ प्रश्न विचारणाऱ्यालाही सांगता आला नसता. त्यात दवाखाना आहे, रस्ता आहे, कोनसरीचा पोलाद कारखाना आहे, धूळ आहे, नोकरी आहे आणि डोंगर खोदणंही आहे. एवढ्या सगळ्याला एकच 'हो' कसा पुरेल? ऑनलाइन फॉर्म भरताना कधीकधी दोनच पर्याय दिलेले असतात आणि त्यातला एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तेव्हा भरणाऱ्याची चूक नसते, फॉर्म बनवणाऱ्याची असते. आम्ही फॉर्म बनवणारे लोक हे कबूल करायला जरा उशीर लावतो, एवढंच.

उत्तराच्या किमतीचा मुद्दा तर याहून गंभीर आहे. सूरजागडचा लोहखनिजाचा पट्टा २००७मध्ये लॉइड्स मेटल्सला मिळाला, सुमारे ३४८ हेक्टर. २०१३मध्ये कंपनीच्या उपाध्यक्षांसह तिघांना माओवाद्यांनी ठार मारलं. त्यात गावचे एक पोलीस पाटीलही होते. २०१६मध्ये खोदकाम सुरू झालं आणि त्याच डिसेंबरात पाऊणशेहून जास्त वाहनं जाळली गेली. २०२१पासून खाण पुन्हा जोमाने चालू आहे. या सगळ्या काळात या भागातल्या माणसाने कॅमेऱ्यासमोर तोंड उघडणं म्हणजे दोन्हीकडून मोजलं जाणं होतं. एक शब्द इकडे पडला तर खबरी आणि तिकडे पडला तर नक्षल समर्थक. पोलिसांचा खबरी ठरवून माणसं मारली गेल्याच्या बातम्या गडचिरोलीने वर्षानुवर्षं वाचल्या आहेत. अशा ठिकाणी चेहरा स्पष्ट दाखवून, गावाचं नाव पट्टीवर लिहून 'हो की नाही' विचारणाऱ्याला जाब विचारणारा पत्रकार म्हणवत नाही. तो दुसऱ्याच्या जिवावर जुगार खेळतो आणि संध्याकाळी नागपूरला परततो.

आता याच्या अगदी दुसऱ्या टोकाची खुर्ची पाहू. ऑक्टोबर २००७मध्ये करण थापर यांनी गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांची 'डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट'साठी मुलाखत घेतली. २००२बद्दलचे प्रश्न आले आणि तीनेक मिनिटांत मोदींनी पाणी मागितलं, माइक काढला आणि मुलाखत थांबवली. थापर यांनी अवघड प्रश्न पहिल्याच मिनिटाला काढायला नको होते, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. एका राज्याचा मुख्यमंत्री, ज्याच्याकडे प्रशासन आहे, सल्लागार आहेत, व्यासपीठं आहेत आणि उठून जाण्याचा अधिकारही आहे, त्याला त्याच्याच कारभाराबद्दल विचारलं गेलं होतं. प्रेक्षकाला प्रश्न दिसला आणि उठून जाणंही दिसलं. निष्कर्ष प्रेक्षकाने काढायचा होता. उठून जाण्याचा हा हक्क आपण फार गृहीत धरतो. म्हाताऱ्याला तो नव्हता. तो कुठे उठून जाणार? रस्ता त्याच्याच गावचा होता.

सातत्याचा प्रश्न मात्र अर्णब गोस्वामी यांच्या दोन मुलाखती शेजारी ठेवून पाहिल्या की कळतो. जानेवारी २०१४ची राहुल गांधींची मुलाखत आठवत असेल. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो आणि हॉस्टेलच्या टीव्हीसमोर बसून हसत होतो. आता ती पुन्हा पाहिली तर वेगळी वाटते. तासाभराहून अधिक चालते, प्रश्न नेमके आहेत, १९८४ची दंगल येते, २००२ येते, आणि मुख्य म्हणजे उत्तर द्यायला वेळ आहे. राहुल गांधी भरकटले ते स्वतःच्या पायांनी. मुलाखत म्हणून ती कठोर होती आणि बऱ्याच अंशी न्याय्यही. मग जून २०१६मध्ये त्याच अँकरने पंतप्रधान मोदींची मुलाखत घेतली आणि तो कठोरपणा कुठे गेला, असं जवळजवळ सगळ्यांनी विचारलं. एक प्रश्न, दोन खुर्च्या. पहिल्या मुलाखतीतला कठोरपणा तत्त्व होता की सोय, हे दुसऱ्या मुलाखतीने ठरवलं. मुलाखतकाराचा प्रामाणिकपणा एका मुलाखतीत दिसतच नाही. त्यासाठी किमान दोन पाहाव्या लागतात.

मराठीत आपल्याकडे दोन्ही टोकं आहेत. 'आयबीएन लोकमत'वर निखिल वागळे 'आजचा सवाल' चालवत तेव्हा समोरच्याचं वाक्य मध्येच तोडण्याबद्दल त्यांच्यावर टीका व्हायची आणि ती काही वेळा रास्त होती. पण २० नोव्हेंबर २००९ला शिवसैनिकांनी त्या वाहिनीच्या कार्यालयावर हल्ला केला, तो वाक्य तोडलं म्हणून झाला नव्हता. सत्ता बाळगणाऱ्यांना वाक्य तुटण्याचं फारसं दुःख नसतं, प्रश्नाचं असतं. दुसऱ्या टोकाला 'सामना'तल्या मॅरेथॉन मुलाखती. पक्षाच्या मुखपत्राचा कार्यकारी संपादक, जो त्याच पक्षाचा खासदारही आहे, आपल्याच पक्षप्रमुखाला प्रश्न विचारतो. संजय राऊत यांनी उद्धव ठाकरे यांच्या घेतलेल्या या मुलाखती बातमी म्हणून सगळ्या वाहिन्या चालवतात. त्या घरातल्या गप्पा आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्यात फसवणूक कमी आहे. २०१९च्या निवडणुकीत अक्षयकुमारने पंतप्रधानांना आंबा कसा खाता ते विचारलं, तेव्हाही 'अराजकीय' अशी पाटी आधीच लावलेली होती. पाटी लावून केलेला मवाळपणा मला चालतो. सौम्यतेची पाटी लावून केलेला अन्याय नाही चालत.

आमच्या धंद्यात लोड टेस्ट नावाचा प्रकार असतो. एखादी यंत्रणा किती ताण सोसते हे पाहायला तिच्यावर मुद्दाम हजारो विनंत्यांचा मारा करायचा. बाहेरून पाहिलं तर ही लोड टेस्ट आणि सर्व्हर पाडण्यासाठी केलेला हल्ला, दोन्ही सारखेच दिसतात. मारा तोच, वेगही तोच. फरक तीन गोष्टींत असतो. ज्याची यंत्रणा आहे त्याला हे माहीत आहे का? ती यंत्रणा एवढा ताण सोसण्यासाठी बांधलेली आहे का? आणि निघालेल्या निष्कर्षाचं पुढे काय होणार, दुरुस्ती की तमाशा?

मंत्री, कंपनीचा अधिकारी, पोलीस प्रवक्ता, आमदार या ताण सोसण्यासाठी बांधलेल्या यंत्रणा आहेत. त्यांनी हे पद मागून घेतलेलं आहे. त्यांच्यावर प्रश्नांचा मारा करणं हे लोकशाहीचं नेहमीचं काम आहे. रस्त्याकडेच्या म्हाताऱ्यावर तोच मारा केला तर त्याला मुलाखत म्हणता येत नाही. गडचिरोलीतली खरी गोम अशी की मारा उलट दिशेने होतो. प्रश्न पाण्यासारखे उताराकडे वाहतात. गावकऱ्याला विचारलं जातं, "तुमचा विरोध आहे का?" मंत्र्याला विचारलं जातं, "साहेब, गडचिरोलीसाठी तुमचं स्वप्न काय आहे?"

वर चढवायला हवे होते असे प्रश्न काही कमी नव्हते. एकच घेऊ. २००६ची पर्यावरण अधिसूचना सांगते की जनसुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ व्हायला हवी. सूरजागडच्या खाणीची क्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यासाठीची सुनावणी २७ ऑक्टोबर २०२२ला झाली, ती गडचिरोली शहरात. खाणीपासून हे अंतर जवळपास दीडशे किलोमीटर आहे. ज्याच्या शेतावर धूळ बसते त्याने एक आख्खा दिवस आणि प्रवासखर्च घालून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं आणि मग बोलायचं. सुनावणी इथे का, हा प्रश्न अगदी साधा आहे. तो एखाद्याच्या कृतीबद्दल आहे, उत्तर देणाऱ्याला उत्तर माहीत आहे आणि दिल्याने कुणाचा जीव जाणार नाही. पॅक्समनने बारा वेळा विचारावा असा हा प्रश्न. तो स्टुडिओत बसवून, कॅमेरा रोखून, वळसा घेऊ न देता विचारला गेल्याचं मला तरी कधी पाहायला मिळालं नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. आदिवासी म्हटलं की त्याला अवघड प्रश्न विचारायचाच नाही, हीसुद्धा एक प्रकारची तुच्छताच झाली. मान्य. गावातही सत्ता असते. खाणीला पाठिंबा देणारा पुढारी असो की विरोध करणारा, सरपंच असो की कंत्राट मिळालेला तरुण, ज्याच्या हातात दुसऱ्याचं काही आहे त्याला विचारायलाच हवं. माओवाद्यांनाही. ज्यांच्या नावाने बोलता त्याच गावांतली माणसं तुम्ही खबरी म्हणून कशी मारलीत, हा प्रश्न त्यांना समोर बसवून फार कमी वेळा विचारला गेला. १५ ऑक्टोबर २०२५ला भूपती या वरिष्ठ नेत्याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. आता हे प्रश्न विचारता येतील. मात्र पोलिसांच्या देखरेखीतल्या माणसाचं उत्तर किती त्याचं आणि किती त्या खोलीचं, हे प्रेक्षकाला सांगणंही मुलाखतकाराचंच काम आहे. कठोरपणा जातीवर किंवा गरिबीवर ठरवायचा नसतो, समोरच्याच्या हातात काय आहे त्यावर ठरवायचा असतो.

याच्या पलीकडे आणखी एक खुर्ची असते, रिकामी. पंतप्रधान ग्रामविकास फेलो म्हणून गडचिरोलीत काम केलेले आणि खाणींच्या प्रश्नावर ग्रामसभांसोबत उभे राहिलेले महेश राऊत यांना ६ जून २०१८ला भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झाली. त्यानंतरच्या महिन्यांत 'शहरी नक्षलवादी' या पट्टीखाली किती चर्चा रंगल्या ते आठवा. ज्यांच्याबद्दल बोललं जात होतं ते तुरुंगात होते. खटला पूर्ण होण्याआधीच स्टुडिओत निकाल लागत होते. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवेल. पण जो उत्तर द्यायला येऊच शकत नाही त्याच्या रिकाम्या खुर्चीवर प्रश्न फेकणं ही मुलाखतही नव्हे आणि चर्चाही नव्हे.

आणि कॅमेरा सुरू होण्याआधीचं काय? १९९५मध्ये बीबीसीच्या मार्टिन बशीरने राजकन्या डायनाची मुलाखत मिळवली, ती जगभर गाजली. ती मिळवण्यासाठी त्याने बनावट बँक कागदपत्रं दाखवली होती, हे अधिकृत चौकशीने २०२१मध्ये मांडलं. पडद्यावरची मुलाखत शांत आणि सभ्य होती. खोट होती ती दाराबाहेर. आमच्या क्लिपमधल्या म्हाताऱ्याला माइक पुढे करण्याआधी काय सांगितलं होतं? हे कुठे दिसणार आहे, हे त्याला माहीत होतं का? शेजारचा तो पोरगा कोण होता? गावातला, कंपनीतला, की नुसता बघ्या? भाषांतर करणारा हा त्या मुलाखतीतला सगळ्यात ताकदवान माणूस होता आणि त्याचं नावगाव कुणीही विचारलं नाही.

तक्रार करायची तर कुठे? वाहिन्यांनी स्वतःच स्थापन केलेलं मानक प्राधिकरण आहे, पण ते त्याच्या सदस्य वाहिन्यांपुरतं. त्याचा कमाल दंड १ लाख रुपये असल्याबद्दल ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच नाराजी दाखवली होती. तालुक्याच्या ठिकाणी मोबाइलवर चालणारं पोर्टल त्याच्या कक्षेतच येत नाही.

पण मला त्या माइक धरणाऱ्या हातावरही सगळा राग काढायचा नाही. तालुक्याचा बातमीदार बहुतेकदा बातमीमागे मोजके पैसे मिळवणारा असतो. पोलिसांच्या प्रेसनोटवर त्याची बातमी चालते, जाहिरातीवर त्याचं पोर्टल चालतं आणि ज्यांना प्रश्न विचारायचा त्यांच्याच गावात त्याला राहायचं असतं. इंद्रावतीच्या पलीकडे, गडचिरोलीला लागून असलेल्या बिजापूर जिल्ह्यात मुकेश चंद्राकर 'बस्तर जंक्शन' हा यूट्यूब चॅनल चालवायचा. २०२१मध्ये माओवाद्यांच्या ताब्यातल्या एका जवानाला सोडवून आणणाऱ्यांत तो होता. रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराची बातमी बाहेर आली आणि १ जानेवारी २०२५ला तो बेपत्ता झाला. दोन दिवसांनी त्याचा मृतदेह एका सेप्टिक टँकमध्ये सापडला. संबंधित ठेकेदाराला अटक झाली. उताराच्या उलट दिशेने प्रश्न चढवण्याची इथली किंमत ही आहे. दिल्लीच्या स्टुडिओतल्या आक्रमकतेला ती मोजावी लागत नाही, म्हणून ती आक्रमकता मला बऱ्याचदा अभिनय वाटते.

म्हाताऱ्याच्या निमंत्रणाकडे परत येतो. गावात ये, बसून बोलू. ऐकायला हे टाळाटाळीसारखं वाटतं, पण या जिल्ह्यात ती एक पद्धत आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव अनेक वर्षं निर्णय बहुमताने घेत नाही, सर्वसहमतीने घेतं. सगळ्यांचं पटेपर्यंत बसायचं. त्यांचा अभ्यासगट बाहेरच्या जाणकारांना बोलावतो आणि प्रश्न विचारून विचारून विषय समजून घेतो. २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते होतं. म्हणजे खोलात जाऊन प्रश्न विचारणं या मातीला नवीन नाही. फक्त तिथे विचारणारा निघून जाण्याच्या घाईत नसतो, उत्तर पुरं झाल्याशिवाय पुढे जात नाही आणि त्याला आधी सांगावं लागतं की तो कोणत्या गावचा.

तू कोणत्या गावचा? हा मला त्या क्लिपमधला सगळ्यात चांगला प्रश्न वाटतो. तुला कुणी पाठवलं, तुझे पैसे कुठून येतात, मी बोललेलं कुठे जाणार, माझ्यानंतर तू कुणाला विचारणार आहेस, हे सगळं त्यात येतं. प्रत्येक मुलाखतकाराला तो विचारला जायला हवा. विचारला गेला होता, पण कापला गेला.

मित्राने सांगितलेला अर्थ मी ग्रुपवर टाकला. दोन अंगठे आले, एकाने लिहिलं, 'भाई, एवढं कोण बघतंय.' दोन महिन्यांनी तीच क्लिप दुसऱ्या ग्रुपवरून परत आली. पट्टी तीच. फक्त या वेळी आणखी छोटी केलेली होती. म्हाताऱ्याची ती सात-आठ सेकंदं काढून टाकली होती, प्रश्नानंतर थेट पोरगा बोलतो.

"नाही म्हणतो."